खराड्यांची कृतिका आणि मरत्या पेशी

कृतिका खराडे इंदूरच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मारते आणि त्या मरताना काय खातात, काय बाहेर टाकतात, ते मोजते. आमच्या देवासात हे कुणाला सांगितलं की लोक आधी हात जोडतात आणि लगेच विचारतात, "मग लग्नाचं काय?" मी त्यांना उत्तर देत नाही. मी तिची समोरची शेजारीण. गल्लीत मला लहानथोर सगळे अक्का म्हणतात. जन्मभर मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे मूर्ख प्रश्न आले की चष्मा पुसत बसायची मला सवय आहे.

कृतिकाला मराठी वाचायला मीच शिकवलं. हिंदी शाळेतली पोर, 'ळ' दिसला की तिथेच अडून बसायची. मी ओरडायचे, ती हसायची. पण एखादी गोष्ट कळली नाही तर कळेपर्यंत माझ्या ओट्यावरून हलायची नाही, आईनं जेवायला चार हाका मारल्या तरी नाही. तिचे वडील, दत्ताजी, मग स्वतः न्यायला यायचे आणि तिचं पुस्तक संपेपर्यंत माझ्याशी राजकारणावर वाद घालत उभे राहायचे. त्यांना तीच एक.

दत्ताजी खराडे ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले. घराण्यात कोणे एके काळी कुणीतरी दरबाराच्या पागेवर होतं. त्यातलं हाती काही राहिलं नव्हतं, रुबाब तेवढा राहिला होता. कोथिंबीर आणायला निघाले तरी मिशांवरून हात फिरवून निघत. आणि देवघरात तुळजाभवानीचा चांदीचा टाक होता. नवरात्रात त्या टाकापुढे घट बसायचा. हा नुसता त्यांच्या घरचा घट नव्हता, सगळ्या भावकीचा होता, आणि त्याचे नियम कडक. घटाला बसेल त्यानं नऊ दिवस उंबरा ओलांडायचा नाही, अन्न घ्यायचं नाही, घरात विटाळ होऊ द्यायचा नाही. एका वर्षी जरी घट बसला नाही तर टाक धाकट्या पातीकडे जायचा.

धाकटी पाती म्हणजे दत्ताजींचे भाऊ मानाजी. सरदारपूरला त्यांचं खताचं दुकान आहे आणि दोन मुलगे आहेत. दर दसऱ्याला आपट्याची पानं हातात देताना ते विचारायचे, "दादा, तुमच्या मागं घट कोण बसवणार? पोरगी?"

"हो, पोरगी," दत्ताजी म्हणायचे आणि सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. मला तो माणूस या एका गोष्टीसाठी फार आवडायचा.

मागच्या वर्षी भाद्रपदात दत्ताजींच्या मानेत गाठ आली. गणपती बसले तेव्हा सुपारीएवढी होती, विसर्जनानंतर गळपट्टी लागेना. इंदूरच्या इस्पितळात तपासणी झाली आणि रसग्रंथींचा कॅन्सर निघाला, अगदी भराभर वाढणाऱ्या जातीचा. डॉक्टरांनी धीरही दिला. ही जात जितकी जोरात वाढते तितकीच जोरात औषधानं विरघळते, माणूस पुरता बरा होऊ शकतो, असं ते म्हणाले.

त्या संध्याकाळी कृतिका माझ्याकडे येऊन बसली. चहा गार होऊन गेला. मग म्हणाली, "अक्का, माझ्याकडे ज्या पेशी आहेत ना, त्या ह्याच जातीच्या. मी इतके साल ह्यांनाच मारून राहिली आहे."

"मग चांगलं आहे," मी म्हटलं. "तुला ओळखीच्या आहेत."

ती थोडी हसली. मग तिनं मला समजावून सांगितलं. ती समजावते छान, मास्तरणीची पोर शोभेल अशी. कॅन्सरची पेशी अधाशी असते. साखर ओढून घेते, पण ती नीट जाळत नाही. अर्धीमुर्धी जाळते आणि आंबट पाणी बाहेर टाकते. औषध दिलं की तिच्या आत निजलेला मरणाचा हुकूम जागा होतो. मग ती क्रमाक्रमानं मरते. आतलं पोटॅशियम बाहेर सोडते, आक्रसते, साखर घेणं थांबवते, स्वतःचे तुकडे करून पुड्या बांधते. असं नीट मरायलाही ताकद लागते. ती ताकद आधीच संपली तर पेशी फुटते आणि आतलं सगळं सांडतं.

"आणि मेलेल्यांचं काय करता गं?"

"धुऊन टाकतो. काचेच्या थाळीत गुलाबी पाणी असतं, ते ओढून घ्यायचं, सिंकमध्ये ओतायचं. नवीन पाणी घातलं की थाळी साफ." मग पुढे वाकून म्हणाली, "आणि अक्का, साखर तोडून मग औषध दिलं ना, तर त्या आणखी लवकर मरतात. हे मी स्वतः बघितलंय."

तिच्या डोळ्यांत आशा होती. तिनं मनातल्या मनात बापाला त्या थाळीत ठेवून पाहिलं होतं आणि तिथे तो बरा होत होता.

औषधाची पहिली बाटली चढली ती घटस्थापनेच्या अलीकडे. डॉक्टर आठवडाभर सोडायला तयार नव्हते. पेशी एकदम मरायला लागल्या की त्यांच्यातलं सगळं रक्तात येतं, मूत्रपिंडांना उपसता येत नाही, पोटॅशियम चढलं तर हृदय थांबतं. म्हणून सलाइन चालू हवं, रक्त दिवसातून दोनदा तपासायला हवं. त्यांनी हे नीट सांगितलं होतं. कृतिकाला ते नव्यानं सांगायला नकोच होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताजी खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "उद्या घट बसायचा. चला घरी."

मी तेव्हा तिथेच होते, नर्मदाबाईंबरोबर डबा घेऊन गेले होते. नर्मदाबाई म्हणजे दत्ताजींच्या पत्नी. बोलायला कमी, करायला पुढे अशी बाई.

"आबा, हा एक साल काकांना बसू द्या ना," कृतिका म्हणाली.

"एक साल दिला की टाक गेला."

"जाऊ दे की. तबियत जास्त की टाक जास्त?"

"कृतिका," दत्ताजी हळू आवाजात म्हणाले, "मला जमीन नाही, जायदाद नाही. एवढी एकच चीज तुझ्या नावानं ठेवायची होती. ती मी खाटेवर पडून मानाजीला देऊ?"

पोरीनं खाटेखालची पिशवी ओढली आणि त्यांचे कपडे भरायला घेतले.

मग तिनं डॉक्टरांशी वाद घातला. डॉक्टर भडकले. "आप खुद साइंटिस्ट हैं और आप ये कर रही हैं?" असं सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले. शेवटी हिच्या सहीवर सोडलं. गोळ्या लिहून दिल्या, पाणी भरपूर प्यायचं, देवासच्या लॅबमध्ये रोज रक्त द्यायचं आणि आकडे फोनवर कळवायचे, असं ठरलं. पथ्याचं बोलणं मात्र राहून गेलं. चिडून सोडलेल्या पेशंटला बसवून जेवणाचं कुणी सांगत नाही, आणि हिनंही विचारलं नाही. तिला त्याची गरज वाटली नाही.

"उपासच आहे ना अक्का," गाडीत ती मला म्हणाली. "नऊ दिवस पोट खाली. साखर बंद. उलट चांगलंच आहे." आईला तिनं बजावून सांगितलं, "साखर अजिबात नाही. चिमूटभर पण नाही." नर्मदाबाईंनी मान हलवली.

आणि घटस्थापनेच्या सकाळीच कृतिकाला पाळी आली.

या प्रकाराबद्दल माझं मत गल्लीला ठाऊक आहे. मी नर्मदाबाईंना त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "अहो, बाप आजारी आहे, पोरीला आत राहू द्या. देवी काही खात नाही तिला." त्या म्हणाल्या, "अक्का, घट आहे. काही कमीजास्त झालं तर?" खरं म्हणजे कृतिकालाच आत जायचं नव्हतं. मानाजी येऊन गेले असते आणि त्यांना कळलं असतं तर पोरीनंच घट बाटवला म्हणून बोंब झाली असती, आणि ज्याच्यासाठी बापानं इस्पितळ सोडलं तेच हातचं गेलं असतं. ती आपली पिशवी घेऊन माझ्याकडे राहायला आली. मधे दहा पावलांची गल्ली.

रोज सकाळी ती माझ्या ओट्यावर उभी राहायची आणि समोर हाक मारायची.

"आई, आबांनी काय खाल्लं?"

"काही नाही गं बाई, उपास आहे."

"पाणी?"

आतून दत्ताजी ओरडायचे, "पिऊन राहिलोय! तू चहा घे!"

कृतिकाला हायसं वाटायचं. ती माझ्याकडे वळून म्हणायची, "बघा, तिसरा दिवस, आणि पोटात काही नाही."

आता मला सांगा, नर्मदाबाई खोटं बोलत होत्या का? मुळीच नाही. आपल्याकडे उपासाचं खाणं हे खाणं नसतंच. रताळ्यांची पाटी संपते, केळ्यांचा घड संपतो, शेंगदाण्यांचा डबा खडखडतो, आणि बाई पदराला हात पुसत सांगते, सकाळपासून काही खाल्लेलं नाही. ऐकणाराही मान डोलावतो. कृतिका याच घरात वाढली होती. हे वाक्य तिनं शंभरदा ऐकलं असेल, तेही तोंडात बटाट्याचा किस असताना. तरी तिला ते ऐकून रिकामं ताट दिसलं, कारण तिला रिकामं ताटच बघायचं होतं.

साखर नको म्हटल्यावर नर्मदाबाईंनी काय केलं असेल? साबुदाण्याची खीर बंद केली, राजगिऱ्याचे लाडू बंद केले आणि नवऱ्याला शक्ती यावी म्हणून बाकी सगळं वाढवलं. उकडलेली रताळी, बटाटे, केळी. देवीच्या टेकडीच्या रस्त्यावर यात्रेकरूंसाठी हिरव्या नारळांचे ढीग लागलेले असतात, तिथून रोज नारळ यायचे. दत्ताजींना पाण्याचा कंटाळा. लघवीला उठलं की हातपाय धुऊन पुन्हा धूतवस्त्र नेसायचं, मग जप पुढे चालू. म्हणून ते साधं पाणी घोटभर प्यायचे आणि लेकीला ओरडून सांगायचे, पिऊन राहिलोय.

तिसऱ्या माळेला गाठ उतरली. म्हणजे अक्षरशः उतरली. दत्ताजी उंबऱ्याच्या आत उभे राहिले आणि मान उंच करून गल्लीला गळा दाखवू लागले. आदल्या आठवड्यात लिंबाएवढी दिसत होती तिथे आता नुसती सैल कातडी. नर्मदाबाईंनी तिथल्या तिथे गुळाचा खडा देवीपुढे ठेवला. टेकडीवर भोंगे चालू होते, लोकांच्या रांगा पायी चढत होत्या, आणि आमच्या गल्लीत बाया एकमेकींना सांगत होत्या की खराड्यांच्या देवीनं गाठ खाल्ली. कृतिका माझ्या खांबाला धरून उभी होती आणि रडत होती.

"मरून राहिल्या आहेत, अक्का. सगळ्या एकदम मरून राहिल्या आहेत."

मीही रडले. आम्ही दोघींनी त्या दिवशी पोटभर श्रीखंड खाल्लं.

आदल्या दिवशी रक्तात पोटॅशियम जरा चढलेलं होतं. डॉक्टरांनी फोनवर गोळी वाढवली आणि पुन्हा एकदा सांगितलं की घेऊन या. दत्ताजी म्हणाले, दसऱ्यानंतर. चौथ्या माळेला लॅबवाला सकाळी रक्त घेऊन गेला आणि दिवेलागणीच्या सुमाराला त्याचा फोन आला. कृतिकानं तो स्पीकरवर घेतला होता.

"मैडम, सैंपल शायद खराब हो गया। खून फूट गया होगा, पोटैशियम बहुत ही ज़्यादा आ रहा है। इतने में तो आदमी बैठ नहीं सकता। मैं दोबारा लेने आता हूँ।"

नमुना नेताना रक्त फुटलं तर असं होतं, हे मला तिनंच नंतर सांगितलं. तिलाही आधी तेच वाटलं. तिनं ओट्यावर येऊन हाक मारली, "आई, आबांचे हातपाय कसे आहेत?"

"जड पडलेत म्हणतात. मुंग्या येऊन राहिल्यात. चौथा दिवस ना उपासाचा."

कृतिका धावली. पायात चप्पल तशीच. मी मागोमाग. समोरच्या घरात आरतीची तयारी चालली होती, दत्ताजी भिंतीला टेकून पाटावर बसले होते आणि निरांजन हातात घेत होते. नर्मदाबाईंनी तिला आत आलेली पाहिलं आणि किंचाळल्या, "बाहेर हो! घट आहे!"

त्याच क्षणी दत्ताजींच्या हातून निरांजन खाली पडलं आणि ते एका कुशीवर कलंडले.

पुढे काय झालं ते मी फार लिहिणार नाही. पोर बापाच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होती, नर्मदाबाई तिला घटापासून मागे ओढत होत्या आणि मग त्याही खाली बसल्या. अॅम्ब्युलन्स टेकडीच्या गर्दीत अडकली. ती आली तेव्हा तिचं काम राहिलं नव्हतं. पाटाशेजारी ताट होतं. त्यात अर्धं रताळं, केळ्याची सालं आणि नारळपाण्याचा पेला. कृतिकानं ते ताट पाहिलं. ती ते किती तरी वेळ पाहत होती.

सुतक आलं, घट मोडला, अंकुर तसेच वाळले. इंदूरच्या डॉक्टरांना तिनं फोन केला. ते रागावले नाहीत. "दवा ने तो अपना काम कर दिया था, बेटा," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

अस्थी विसर्जून आल्यावर कृतिका माझ्या ओट्यावर बसली आणि मी न विचारता बोलायला लागली.

"रताळं, केळं, बटाटा, नारळाचं पाणी. सगळ्यात पोटॅशियम भरलेलं असतं, अक्का. मरत्या पेशी आतून सोडत होत्या आणि आई बाहेरून वाढत होती. थाळीत मी ते ओढून सिंकमध्ये ओतते. आबांकडे ते ओतायला जागाच नव्हती." मग तिनं तोंडावर पदर घेतल्यासारखी ओढणी घेतली. "मी घरात असती ना, तर एकदा ताट बघितलं असतं. फक्त एकदा. हातातून हिसकून घेतलं असतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला त्या घटाचा, त्या भावकीचा, त्या उंबऱ्याचा भयंकर संताप आला होता.

"आईला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"का नाही? खरं ते खरं. लपवून काय मिळणार?"

"अक्का, तिला ह्याच घरात राहायचंय. ह्याच चुलीपाशी. एकटीला. तिला कळलं ना की आपल्या हातानं झालं, तर ती एक महिना नाही जगणार. तुम्हाला माझी शपथ आहे."

मी शपथ मानत नाही. पण ही पाळली.

तेराव्याला माणसं जमली. सरदारपूरहून मानाजी आले, त्यांचे मुलगे आले, धारहून नर्मदाबाईंचे माहेरचे आले. जो तो म्हणत होता, काय भाग्याचं मरण, उपासात, देवीच्या समोर, हातात निरांजन. मी ताटं मांडता मांडता दोघांना तरी झापलं. कृतिका भिंतीशी उभी राहून सगळं ऐकत होती.

नर्मदाबाईंनी त्या दिवसांत अन्नाला हात लावला नव्हता. ताटाशी बसायच्या आणि उठायच्या. गाल आत गेले होते. माणसं पंगतीला बसायच्या आधी त्या देवघराच्या दारात आल्या आणि सगळ्यांच्या देखत लेकीला म्हणाल्या,

"कृतिका, तू शिकलेली आहेस. मला खरं सांग. ते शेवटच्या दिवशी नको नको म्हणून राहिले होते, नारळपाणी जात नाही म्हणाले, तरी मी पाजलं. रताळं चारलं. माझ्या हातून काही झालं का गं?"

माणसं थांबली. माझ्या हातात भाताचं पातेलं होतं, ते मी खाली ठेवलं. मला वाटलं, आता बोल पोरी. तुझ्या एकटीचा दोष नाही. सगळ्यांचा आहे, घटाचा आहे, बोल.

"नाही आई," कृतिका म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "नारळपाण्यानं कुणी मरतं का? औषध झेपलं नाही त्यांना. डॉक्टर सोडायला तयार नव्हते, मीच सही करून आणलं. ठेवलं असतं तर वाचले असते."

नर्मदाबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला. कपाळ मोकळं झालं, खांदे खाली आले, त्यांनी मोठा श्वास घेतला. आणि मग त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"म्हणजे तू."

"हो."

"बापाला तू आणलंस मरायला. आणि वरून विटाळशी घटावर आलीस."

मी पुढे झाले, "अहो नर्मदाबाई, ऐका तरी..." पण पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की माझी जीभ जागच्या जागी राहिली.

नर्मदाबाई देवघरात गेल्या. टाक काढला, तांबड्या खणात गुंडाळला आणि मानाजींच्या ओंजळीत ठेवला. "भाऊजी, हा घेऊन जा. इथं सांभाळायला कोणी नाही."

मानाजींनाही ते अवघड गेलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते म्हणाले, "वहिनीसाहेब, दादांची इच्छा होती की कृतिका..."

"तिचा हात नको लागायला," नर्मदाबाई म्हणाल्या. मग लेकीला म्हणाल्या, "तू इंदोरला जा. परत येऊ नको."

कृतिका "हो" म्हणाली आणि उंबरा ओलांडून माझ्याकडे आली. बस संध्याकाळची होती. ती माझ्या ओट्यावर बसून समोर बघत राहिली. समोर पंगत बसली. नर्मदाबाईही बसल्या, आणि दत्ताजी गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, वर आणखी भात मागून घेतला.